आरवलीचा वेतोबा आणि अरवलीतील गॉब्लिन

दिल्लीहून जयपुरास जाणारा महामार्ग गुरुग्राम मागे टाकून पुढे निघाला, म्हणजे अरवली पर्वताच्या झिजलेल्या, काटेरी झुडपांनी झाकलेल्या टेकड्या दिसू लागतात, आणि त्यांच्या पायथ्याशी मानेसर लागते. एके काळचे हे अहिरवालातील शेतकऱ्यांचे गाव. आज येथे राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाची छावणी आहे, मेंदूच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे, कंपनी-कारभाराचे शिक्षण देणारी सरकारी संस्था आहे आणि २००७ पासून चालू असलेला मोटारींचा मोठा कारखाना आहे. अशा ठिकाणी बदलीच्या हुकुमाबरोबर मराठी कुटुंबे येतात, दोन-तीन वर्षे राहतात, बिऱ्हाडाच्या पेट्या बांधतात आणि पुढल्या मुक्कामास निघतात. गणपतीचे दहा दिवस आणि कोजागरीची रात्र एवढाच काय तो आम्हां सर्वांना एकत्र आणणारा धागा.

अशाच एका कोजागरीस, दूध आटत असता, आमच्या एका स्नेह्यांचा दहा वर्षांचा मुलगा कोपऱ्यात बसून हातातील यंत्रावर खेळत होता. एकाएकी तो आनंदाने ओरडला, "आजी, चाळीस गॉब्लिन मारले!" आजी वेंगुर्ले तालुक्यातल्या. त्यांनी चष्मा वर करून विचारले, "मारलेस? अरे, पण त्यांनी काय केलं होतं?" मुलगा क्षणभर गोंधळला. "काही नाही ग. ते गॉब्लिनच असतात." आजींनी मान हलवली आणि म्हणाल्या, "आमच्याकडे भूत दिसलं तर आधी विचारतात, बाबा, तू कोण, कुठला, तुला हवं काय."

मंडळी हसली, दूध पेल्यांत ओतले गेले आणि विषय तेथेच संपला. आमच्या मनातून मात्र तो प्रश्न गेला नाही. भुतास त्याचे नाव-गाव विचारणारी एक परंपरा आणि भूत दिसताच त्याचा निकाल लावणारी दुसरी, या दोहोंमध्ये एवढे अंतर कसे पडले? याचा शोध घेताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रारंभ आपल्या घरापासूनच करू. भारतीय कथावाङ्मयाचा एक मोठा उगम 'बृहत्कथा' हा ग्रंथ होय. तो आज उपलब्ध नाही. परंतु त्याच्या आधारे अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने राणी सूर्यवतीसाठी 'कथासरित्सागर' रचला, आणि त्यात या मूळ ग्रंथाची जन्मकथा सांगितली आहे. तिची रंगभूमी आपले पैठण, म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. जलक्रीडेच्या वेळी राणीने 'मोदकैः' असे म्हटले. पाण्याने मारू नका, हा तिचा अर्थ. राजाने मोदक मागविले आणि राणी हसली. लाजलेल्या राजास व्याकरण शिकण्याचा ध्यास लागला. गुणाढ्य या मंत्र्याने सहा वर्षांचा हिशेब सांगितला, शर्ववर्म्याने सहा महिन्यांचा. तसे घडल्यास संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन, अशी पैज गुणाढ्याने घातली आणि तो हरला. मुका झालेला तो मंत्री विंध्याच्या अरण्यात गेला. तेथे त्याने पिशाचांची भाषा शिकून घेतली, काणभूती नामक पिशाचाच्या तोंडून दिव्य कथा ऐकली आणि सात वर्षांत सात लक्ष श्लोक स्वतःच्या रक्ताने लिहिले. राजाने तो ग्रंथ नाकारला. भाषा पिशाचांची आणि शाई रक्ताची, असला ग्रंथ दरबारी कोण ठेवील? तेव्हा गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नीत टाकू लागला. सहा लक्ष श्लोक जळले. राजास पश्चात्ताप होऊन तो धावत आला, तेव्हा अखेरचा एक लक्ष उरला होता.

ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे, हे आम्ही जाणतो. पैशाची नावाची एक प्राकृत बोली प्राचीन वैयाकरणांना ठाऊक होती. पिशाचांशी तिचा संबंध लोकांनी नावावरूनच जोडला असेल. पण आख्यायिकेचा रोख पाहावा. हुद्दा गेलेला एक अधिकारी परमुलखात जातो, आपली भाषा त्याला बंद होते आणि जगाने ज्यांना ओंगळ ठरविले अशांकडून त्याला कथा मिळते. पिशाच येथे कथा सांगणारा आहे. त्याचे ऐकून घेणे हे पंडिताचे काम आहे. त्याच ग्रंथात पुढे विक्रम आणि वेताळाच्या गोष्टी येतात, आणि तेथेही खांद्यावरचे प्रेत प्रश्न विचारते व जिवंत राजा उत्तर देतो. उत्तर दिले की वेताळ पुन्हा झाडावर! सचिवालयात फाइल हाताळणाऱ्या आमच्या वाचकांना या कथेचे मर्म अधिक उलगडून सांगावयास नको.

हा वेताळ कोकणात आणि गोव्यात आला तो झाडावरून उतरून थेट नोकरीस लागला. वेंगुर्ले तालुक्यातील आरवली हे जयवंत दळवींचे गाव. तेथे वेतोबाचे देऊळ आहे आणि त्यात पुरुषाहून उंच अशी उभी मूर्ती. भक्त त्यास केळी वाहतात आणि वाहतात मोठमोठ्या वहाणा. का, तर वेतोबा रात्री गावाची गस्त घालतो व त्यात त्याच्या वहाणा झिजतात. गोव्यात लोलये, आमोणे येथे हाच बेताळ या नावाने नांदतो. देवचार हाही त्या मुलखात वेशीवरचा राखणदार. अशा देवतेपुढे घालावयाचे ते 'गाऱ्हाणे', म्हणजे चक्क अर्ज. आणि जमलेल्यांनी 'होय महाराजा' म्हणून त्यास अनुमोदन द्यावयाचे. भुताखेतांच्या राजास गावाने बलुतेदारासारखे आपल्या व्यवस्थेत बसविले, त्याचा मानपान ठरविला आणि त्याच्या मोबदल्यात रात्रीचा पहारा त्याच्यावर सोपविला. आरवलीचा वेतोबा आणि अरवलीतील मानेसर, हे नामसादृश्य निव्वळ योगायोगाचे; परंतु हरियाणातील खेड्याच्या वेशीवर 'दादा खेडा' किंवा 'भूमिया' या ग्रामरक्षकाचे साधे ठाणे पाहिले, म्हणजे कोकणी माणसास ते परके वाटत नाही.

सगळीच भुते अशी नेमणुकीवर नव्हती. उरलेल्यांची यादी कोणी केली, ही गोष्ट जितकी विलक्षण तितकीच दुःखद आहे. आर्थर जॅक्सन हे १८८८ मध्ये मुंबई इलाख्यात रुजू झालेले सनदी अधिकारी, संस्कृतचे व्यासंगी. इलाख्यातील लोकसमजुती गोळा करण्यासाठी त्यांनी प्रश्नावली काढली आणि गावोगावच्या शाळामास्तरांकडून उत्तरे मागविली. तुमच्या गावात कोणती भुते मानतात? ती कशाने होतात? कोठे राहतात? काय दिले असता जातात? मास्तरांनी तालुक्याच्या ठिकाणाहून उत्तरे धाडली. ती छापून निघण्यापूर्वीच, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जॅक्सन यांच्या निरोपानिमित्त 'शारदा' नाटकाचा प्रयोग चालू होणार असता, अठरा वर्षांच्या अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. बाबाराव सावरकरांना झालेल्या काळ्या पाण्याच्या शिक्षेचा राग त्यामागे होता, कारण तो खटला कलेक्टर या नात्याने जॅक्सन यांनी पुढे पाठविला होता. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

जॅक्सन यांची कागदपत्रे रेजिनाल्ड एन्थोवेन या त्यांच्या सहकारी अधिकाऱ्याने संपादिली. गुजरातचा भाग १९१४ मध्ये, कोकणचा १९१५ मध्ये आणि पुढे सर्वांचे सार काढलेला 'मुंबईचे लोकसाहित्य' या अर्थाचा इंग्रजी ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कोकणच्या भागात पानापानाखाली टीप आढळते, 'शाळामास्तर, अमुक गाव'. मास्तराचे नाव बहुधा नाही, फक्त हुद्दा आणि ठिकाण. ज्यांच्या लेखणीतून ही सारी सृष्टी कागदावर उतरली, ते स्वतः निनावी राहिले. सरकारी नोकरीत असे होतच असते, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे.

आता ही यादी पाहू. मुंजा, म्हणजे मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वी मेलेला ब्राह्मण मुलगा. त्याचे घर पिंपळावर. ब्रह्मग्रह, म्हणजे वेद शिकून विद्येचा ताठा चढलेला ब्राह्मण. समंध, म्हणजे लोभी किंवा निपुत्रिक मेलेला. देवचार, म्हणजे लग्न होऊन मेलेला शूद्र. झोटिंग हा खारवी किंवा कोळी जातीचा. खवीस हा महार किंवा मांग. वीर हा अविवाहित क्षत्रिय. गिऱ्हा, म्हणजे बुडून किंवा खून होऊन मेलेला. स्त्रियांमध्ये जखीण ही सवाष्ण मेलेली, लावसट ही विधवा आणि हडळ ही बाळंतपणाच्या पहिल्या दहा दिवसांत किंवा विटाळशी असता मेलेली.

एन्थोवेन हेच १९०१ च्या खानेसुमारीचे मुंबई इलाख्यातील प्रमुख होते, हे येथे ध्यानात घ्यावे. जिवंत माणसांची जातवार मोजणी ज्यांनी केली, त्यांच्याच हातून भुतांचीही जातवार नोंद झाली. दोष केवळ नोंद करणाऱ्याचा नव्हे. गावाची उतरंड गावानेच स्मशानापलीकडे नेली होती. पिंपळाचा पार मुंजाला आणि गावकुसाबाहेरची जागा खवीसाला, अशी वाटणी मेल्यावरही सुटली नाही. ब्राह्मणाचे भूत विद्येच्या गर्वाने होते. महाराचे भूत होण्यास त्याचे महार असणेच पुरे पडते. भूतकथा म्हणजे काही निरागस करमणूक नव्हती, हे आम्ही मोकळेपणाने कबूल केले पाहिजे.

तथापि या यादीत आणखी एक गोष्ट आहे, आणि तीच आम्हांस महत्त्वाची वाटते. यातील बहुतेक प्रत्येक भूत आधी माणूस होते, आणि त्याच्या आयुष्यातील कोणती तरी गोष्ट अपुरी राहिली होती. कोणाची सोडमुंज राहिली, कोणाचे लग्न राहिले, कोणास मूल झाले नाही, कोणास अग्नी मिळाला नाही. हडळीचेच पाहा. पाय उलटे, पदर मोकळा, रात्री विहिरीकाठी उभी. लहानपणी आम्ही तिच्या नावाने थरथर कापलो आहो. पण व्याख्या वाचली म्हणजे भीती विरते आणि दुसरेच काही मनात येते. ही बाळंतरोगाने मेलेली पोर आहे. दर गावात हडळ होती, कारण दर गावात अशी पोर होती. गावाने तिला वाचविले नाही. तिची आठवण मात्र भीतीच्या रूपाने जतन केली. देशात २०१८ ते २०२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता मृत्यू पावल्या आणि महाराष्ट्रात ३३, असे सरकारी आकडे सांगतात. हडळीस खरा उतारा दिला तो सुईण-परिचारिकांनी, जंतुनाशकांनी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांनी. त्या ९७ चा आकडा वाचताना आम्हांस विहिरीकाठच्या त्या उभ्या आकृतीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आणि याच यादीतील नियमाने पाहिले, तर अपमृत्यू आलेले ते चौघेही, म्हणजे नाट्यगृहात पडलेला तो संग्राहक आणि ठाण्यास फासावर गेलेले ते तीन तरुण, काही तरी अपुरे ठेवूनच गेले. एकाचा ग्रंथ राहिला, तिघांचे स्वातंत्र्य राहिले. ग्रंथ १९१५ मध्ये पुरा झाला, स्वातंत्र्य १९४७ मध्ये आले.

आता चाळीसांच्या संख्येने मारल्या गेलेल्या त्या गॉब्लिनाकडे वळू. हा युरोपातील प्राणी. बाराव्या शतकातील ऑर्डेरिक व्हायटॅलिस या नॉर्मन संन्याशाच्या लॅटिन इतिहासात एव्ह्रो या गावास त्रास देणाऱ्या अशा एका पिशाचाचे नाव येते. जर्मनीतील त्याचा भाऊबंद म्हणजे कोबोल्ड. खाणीतून चांदीचे खनिज म्हणून काढलेला दगड भाजला की चांदी तर निघत नसे, उलट विषारी धूर निघे. खाणकामगार म्हणत, कोबोल्डाने चांदी चोरली. स्वीडनच्या ब्रांट या रसायनज्ञाने १७३० नंतरच्या दशकात त्या दगडातून नवा धातू वेगळा केला आणि त्यास भुताचेच नाव राहिले, कोबाल्ट. निकेलचीही कथा तीच. तांब्यासारखा दिसून तांबे न देणाऱ्या खनिजास कामगार 'निकेल' नामक खट्याळ पिशाचाचे नाव घेऊन शिव्या देत; १७५१ मध्ये क्रोनस्टेड यांनी त्यातून धातू काढला. हे दोन्ही धातू आज भ्रमणध्वनीच्या आणि मोटारीच्या विद्युत्घटांत वापरतात. म्हणजे आमच्या स्नेह्यांचा मुलगा ज्या यंत्रावर गॉब्लिन मारीत होता, त्या यंत्राच्या पोटातही बहुधा त्याचेच नातलग राबत होते!

गॉब्लिनाचाही पूर्वी एक जन्मवृत्तान्त होता. जॉर्ज मॅक्डोनल्ड यांनी १८७२ मध्ये राजकन्या आणि गॉब्लिन यांच्यावर मुलांसाठी कादंबरी लिहिली. तीत सांगितले आहे की, हे लोक पूर्वी जमिनीवरच राहत. राजाने जबर कर लादले किंवा कडक कायदे केले म्हणून ते डोंगराच्या पोटात गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहून विद्रूप झाले. करवसुलीने माणसाचा गॉब्लिन होतो, ही कल्पना महसूल खात्यातील आमच्या बांधवांनी विशेष मनन करण्याजोगी आहे. मॅक्डोनल्ड यांचे ऋण मानणारे टोल्किन यांनी १९३७ च्या 'हॉबिट' मध्ये गॉब्लिन घेतले आणि १९५४-५५ च्या महाकादंबरीत त्यांना ऑर्क हे नाव प्रामुख्याने दिले. तेथे ते सैन्य बनले. त्यांना करांची तक्रार उरली नाही. दुष्ट धन्याचे ते शिपाई, युद्धात कापून काढावयाचे. तरीही अशा प्राण्यांचा आत्मा कसला आणि त्यांना उद्धार आहे की नाही, हा प्रश्न श्रद्धावान टोल्किन यांना शेवटपर्यंत छळत राहिला.

पुढची पायरी १९७४ ची. अमेरिकेत गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी कागद-पेन्सिल व फासे घेऊन टेबलाभोवती बसून खेळावयाचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. १९७७ मध्ये त्याचा राक्षसकोश निघाला. यातही एन्थोवेनच्या ग्रंथासारखी यादीच आहे. त्यात गॉब्लिन आहेत, कोबोल्ड आहेत आणि आपल्याकडचा राक्षसही आहे. परंतु नोंदीचे रकाने पाहा. हे प्राणी किती संख्येने भेटतात, किती घाव सोसतात, यांच्याजवळ किती धन सापडते. रत्नागिरीकडच्या शाळामास्तराने लिहिले होते, हा कशाने मेला. अमेरिकन कोशाने लिहिले, हा किती घावांत मरेल. दोन्ही याद्या, दोन्ही व्यवस्थित. पण एकीत मरण आरंभी आहे आणि दुसरीत शेवटी. पुढे संगणकाचे खेळ आले, त्यांनी हाच हिशेब उचलला. कोपऱ्यात बसलेल्या त्या मुलाने 'ते गॉब्लिनच असतात' असे जे उत्तर दिले, ते त्याचे नव्हते. ते त्या रकान्यांचे होते.

जन्मतःच वाईट असलेली एक जात असते आणि तिला मारण्यास कारण लागत नाही, ही कल्पना खेळापुरतीच राहील, याची कोणी हमी द्यावी? युरोपात वाकड्या नाकाच्या, धनाच्या राशीवर बसलेल्या बुटक्यांची चित्रे काढताना ज्यूंच्या द्वेषाची व्यंगचित्रे गिरविली जातात, असा आक्षेप जाणत्यांनी घेतला आहे. हॅरी पॉटरच्या कथांतील पेढी चालविणाऱ्या गॉब्लिनांविषयीही तो घेतला गेला. आपल्या खवीसाकडे पाहिल्यावर आपण त्यांस हसण्याच्या स्थितीत नाही. आपल्याकडे मात्र खवीसासही गाऱ्हाणे ऐकवावे लागे आणि त्याचेही ऐकून घ्यावे लागे, एवढाच काय तो फरक.

हा फरक लहान वाटेल. तो लहान नाही, हे आमच्या आताच्या मुक्कामाच्या आसपासच दिसून आले. मे २००१ मध्ये गाझियाबाद आणि पूर्व दिल्लीच्या वस्त्यांत एका 'काळ्या माकडा'ची आवई उठली. उकाड्यामुळे गच्चीवर निजलेल्या लोकांना तो ओरबाडतो, असे सांगत. कोणी म्हणे त्याच्या डोक्यास शिरस्त्राण आहे, कोणी म्हणे हातास लोखंडी नखे आहेत, कोणी म्हणे अंगावर दिवे लुकलुकतात. पोलिसांनी कल्पनाचित्रे काढविली. घाबरून गच्चीवरून पडून माणसे मेली, पण चौकशीअंती तसला कोणताही प्राणी निघाला नाही. त्यानंतर २०१७ च्या उन्हाळ्याअखेर राजस्थानातून निघालेली दुसरी आवई मेवात, गुरुग्राम आणि दिल्लीपर्यंत पोचली. निजलेल्या स्त्रियांच्या वेण्या कोणी तरी अदृश्य हाताने कापून नेतो, अशी. दारांवर लिंबाचे डहाळे लागले, हळदीचे पंजे उमटले. ऑगस्ट २०१७ मध्ये आग्रा जिल्ह्यात पहाटेच्या अंधारात दिसलेल्या एका वृद्ध दलित स्त्रीस वेणी कापणारी चेटकीण समजून लोकांनी इतके मारले की ती मरण पावली.

काळे माकड किंवा वेणी कापणारा यांना कोणतेही पूर्वायुष्य नव्हते. तो कोण, कशाने मेला, काय मागतो, हे कोणीच सांगू शकत नव्हते. तो नुसता 'तो' होता. ज्यास पूर्वायुष्य नाही अशा भयाशी बोलता येत नाही. त्यास शोधून मारणे एवढेच उरते, आणि तो सापडत नाही, तेव्हा हाताशी सापडणारी म्हातारी मारली जाते. आमच्या जुन्या भुतांनी माणसे मारविली नाहीत, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. अंगात आले म्हणून झोडपलेल्या सुना, करणी केली म्हणून गावाबाहेर काढलेल्या विधवा, यांची मोजदाद कोणत्याही मास्तराने पाठविली नाही. महाराष्ट्राने २०१३ मध्ये, नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, अमानुष प्रथा व जादूटोणा यांविरुद्ध कायदा केला. भूत उतरविण्याच्या मिषाने मारहाण करणे, एखाद्या व्यक्तीस करणी करणारी ठरवून तिचे जिणे कठीण करणे, हे त्याने गुन्हे ठरविले. त्या कायद्याने भुताची गोष्ट सांगण्यास बंदी केलेली नाही. गोष्ट आणि आरोप यांमधील रेषा त्याने आखली. आणि ती रेषा कोठे आहे हे सांगावयाचे झाल्यास, भुतास 'तू कोण?' असे विचारणे ही गोष्ट आणि जिवंत बाईस 'तू भूत आहेस' असे म्हणणे हा आरोप, असे आम्ही सांगू.

आशेची चिन्हेही आहेत. पाश्चात्त्य लेखकांना गॉब्लिनाच्या जन्मवृत्तान्ताची पुन्हा आठवण होऊ लागली आहे. टेरी प्रॅचेट यांच्या २०११ च्या कादंबरीत रजेवर गेलेला एक पोलीस अधिकारी एका गॉब्लिन मुलीच्या खुनाचा तपास हाती घेतो. हा गुन्हाच नव्हे, असे सारे सांगत असता तो हटत नाही, आणि अखेरीस गॉब्लिनांना कायद्याने माणसासारखे मानण्यात येते. काही संगणक-खेळांत आता गॉब्लिनच नायक असतो. आपल्याकडे रत्नाकर मतकरींनी 'अलबत्या गलबत्या'मधील चेटकिणीस बालरंगभूमीवर आणून पोरांना तिच्यावर हसावयास शिकविले. भीतीचे हसू करणे हेही मोठे काम आहे. २०२४ मध्ये कोकणातील मुंज्यावर हिंदी चित्रपट निघाला आणि ज्यांनी मुंज पाहिलेली नाही अशा दिल्लीकर मुलांच्या तोंडी ते नाव आले. पडद्यावरचा तो मुंज्या अंगकाठीने गॉब्लिनासारखा आहे खरा. पण त्यास एक पूर्वजन्म आहे आणि एक अपुरी इच्छा आहे, म्हणून तो अजून आपलाच आहे.

आमच्यासारख्यांच्या मुलांना पिंपळाचा पार ठाऊक नाही, पाणवठा ठाऊक नाही, तिन्हीसांजेची भीती ठाऊक नाही. ती मुळीच ठाऊक नसावी, अशीच आमची इच्छा आहे. हडळीची भीती त्यांना वारशाने द्यावी असे आम्ही म्हणत नाही. खवीसाची जात तर मुळीच नको. परंतु त्या साऱ्या अडगळीत आजींजवळ एक प्रश्न शिल्लक होता, आणि तो टाकून देण्यासारखा नव्हता. बदलीच्या गावी आपणही कोणाच्या तरी दृष्टीने परके, भाषा न कळणारे, वेगळे सण पाळणारे असतो. तेथील शेजाऱ्याने प्रथम आमचे नाव विचारले, गाव विचारले, म्हणून आम्ही त्याच्या जगात माणूस ठरलो.

पुढे एकदा त्या स्नेह्यांकडे गेलो असता मुलगा पुन्हा खेळतच होता. आजी शेजारी बसून पडद्याकडे निरखून पाहत होत्या. आम्ही विचारले, "काय रे, आज किती मारलेस?" तो म्हणाला, "आज नाही मारले. आजी म्हणते, हा एकटाच पुलावर उभा आहे, म्हणजे राखणदार असेल. त्याच्याशी बोलायचं बटण आहे का, ते शोधतोय."

बटण त्यास सापडले की नाही, हे आम्ही विचारले नाही. मात्र आजी त्या पुलावरच्या गॉब्लिनाच्या पायांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बघ, अनवाणी आहे बिचारा. आमच्या आरवलीला असता, तर वहाणा मिळाल्या असत्या."